चार विहिरींचं एक विमान

दोर वर आला. त्याला माणूस बांधलेला असायला हवा होता. बांधलेली होती एक लोखंडी पेटी.

आम्ही सहा बायका मिळून तो दोर ओढत होतो. ओढताना मला वाटलंच होतं, की हा माणूस वाळका खरा, पण एवढा हलका कसा? पेटी काठावर आली. तिला चारी बाजूंनी नीट गाठी मारलेल्या, वर स्वतःचा पंचा गुंडाळलेला, धक्का लागू नये म्हणून. आणि खालून, तीस-एक फुटांवरून, आवाज आला, "वहिनी, सावकाश ठेवा! खाली काहीतरी मऊ अंथरा!"

विहिरीची उत्तरेकडची बाजू तेव्हा नवव्या महिन्यातल्या बाईच्या पोटासारखी पुढे आली होती. तिच्यातून माती ओघळत होती, मधेच एखादा दगड सुटून खाली पाण्यात पडत होता. त्या पोटाच्या बरोबर खाली, एका पिंजऱ्यात, हा सत्तरीचा माणूस अधांतरी बसला होता आणि मला अंथरूण घालायला सांगत होता.

"दोर पुन्हा सोडा," परत ओरड आली. "आता दुसरी पेटी देतो!"

दुसरीही होती.

हा माणूस आमचा भाडेकरू. मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा आहे, फुलांचा आणि भाजीचा. मळ्यातल्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत हे गृहस्थ अकरा वर्षं राहिले. ओझरकडच्या विमानाच्या कारखान्यात त्यांनी जन्म काढला होता. साधे फिटर म्हणून लागले आणि फिटरांचे वरचे होऊन निवृत्त झाले. मळ्यात सगळे त्यांना विमानवाले म्हणत. भाजीवाले असतात, दूधवाले असतात, तसे विमानवाले. फरक एवढाच, की भाजीवाला भाजी विकतो. हे नुसता भाव सांगत.

भाव सांगायची त्यांची रीत न्यारी होती. रुपयांत सांगत नसत. "कोटी म्हटलं की वहिनी, तुमच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही," म्हणायचे. मी चौथी शिकलेली, ते बरोबरच होतं, पण तोंडावर सांगायची गरज नव्हती. "जमीन म्हटलं की उभं राहतं. मी कामाला लागलो तेव्हाचं जे लढाऊ विमान होतं ना, ते तुमच्या ह्या तीन एकरांत आलं असतं."

"आम्हाला मळा विकायचा नाय," मी म्हटलं.

"विकू नका हो. नुसतं माप सांगतोय. त्याच्यानंतरचं आलं, त्याला अख्खं मखमलाबाद शिवार लागलं असतं. त्याच्यानंतरच्याला इथून गिरणाऱ्यापर्यंत. आता जे घेताहेत, त्या एकाला पेठपर्यंतची जमीन द्यावी लागेल."

"पेठेकडं नुसते डोंगर हायेत. त्याला कोण भाव देतंय?"

"म्हणून तर विमानं कमी घेतात," ते म्हणाले आणि चहा प्यायले.

जमिनीचा कंटाळा आला की टोमॅटो घेत. एका विमानाचे इतके कॅरेट, म्हणजे टोमॅटोचे क्रेट, त्याच्या एका चाकाचे इतके कॅरेट. एकदा मी विचारलं, "आणि टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ येते, त्या वर्षी?" त्यांनी बराच विचार केला. "त्या वर्षी विमान लय महाग," म्हणाले. पुण्याच्या लोकांसारखं शुद्ध बोलायचे ते, पण असं अडकले की आमच्यासारखं लय म्हणायचे.

मळ्यावरून विमान गेलं, की तोंडाशी नेलेला घास तसाच धरून वर बघायचे. आवाज विरेपर्यंत घास तोंडात जात नसे. मग मान खाली. "गेली वहिनी, तुमची शेवंती गेली." म्हणजे त्या एका फेरीला जेवढं तेल जळलं, तेवढ्यात आमचा शेवंतीचा हंगाम गेला. दिवसातून तीन-चार वेळा माझी शेवंती जायची. एकदा मी ताट ओढून घेतलं. "माझी शेवंती तिथं ओट्यावर पाट्यांत भरलेली हाय. उद्या बाजारात जाईल. तुमचं तेल तुम्ही बघा. आधी जेवा, नायतर भाकरी म्हशीला घालते." त्या दिवसापासून विमान गेलं तरी ते चावत राहायचे. वर मात्र बघायचेच.

अंगात कारखान्याचा निळा डगला, बाराही महिने. त्याला पाच खिसे. पाच खिशांत पाच वस्तू, ठरलेल्या: पाना, पक्कड, फूटपट्टी, पेन्सिल आणि घडी घातलेला कागद. चपलांना नवा पट्टा लावायचा असला तरी आधी कागदावर चित्र काढणार, त्याला बाण, बाणाला आकडे. बायको मागेच वारली होती, मुलगी पुण्याला. सणाला मुलगी न्यायला यायची, हे जायचे आणि तीन दिवसांत परत. तिच्या घरातला मिक्सर विनाकारण महाग आहे, म्हणायचे.

विमान का महाग होतं, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे, की मी कारखान्यात जाऊन सांगू शकेन. लोखंड महागलं म्हणून नाही, मजुरी वाढली म्हणून तर नाहीच. "एक वाक्य आहे, वहिनी. त्या वाक्याने विमान महाग होतं. 'एवढं एक बसवलं की झालं.' एकजण येतो, म्हणतो रात्री दिसायला पाहिजे, एवढं एक बसवा. ते बसवलं की वजन वाढतं. मग मोठं इंजिन. मग जास्त तेल. तेलाची टाकी मोठी. तोवर दुसरा येतो. जगभर हेच. कोणीही कधी आला नाही आणि म्हणाला नाही, की बाबांनो, हे एक काढा." खुर्चीवर त्यांचा फार राग. "पूर्वी वैमानिकाची खुर्ची म्हणजे खुर्ची होती. आजच्या खुर्चीची किंमत सांगितली, तर तुम्ही घाबरून उभ्याच राहाल."

आणि शेवटी भविष्य. ते सांगताना ओट्याच्या खांबाला टेकायचे आणि आवाज बारीक करायचे. "बघा तुम्ही. विमान इतकं महाग होईल, की देशाला एकच परवडेल. आणि ते एक कोणी उडवणार नाही. झाकून ठेवतील. लढाई लागली की पहिल्यांदा धावतील ते विमान लपवायला. आधी विमान वाचवतील, मग माणसं."

मला ते पटायचं. शहाणा माणूस, असं मी मनात म्हणायची. हे मी कबूल करते, कारण पुढे जे झालं त्यात मीही आहे.

आमच्या भाऊबंदांची चार घरं आहेत, एकाला एक लागून, आणि चार विहिरी. जुन्या, दगडी बांधणीच्या, साठ-साठ फूट, पायऱ्या नसलेल्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आत उतरावं लागतं, गाळ काढायला नाहीतर पंपाचं काही बघायला. प्रत्येक विहिरीवर एक कप्पी आणि एक दोर होता. फळीवर माणूस बसायचा, वरून चौघं दोर धरायची, माणूस खाली. खालून हाक आली की वर ओढायचा. ह्यात हुशारी काही नव्हती, आणि कोणी पडल्याचंही मला आठवत नाही.

एका वैशाखात आमच्या ह्यांचे हात दोराने सोलले. विमानवाल्यांनी ते हात बघितले, दोर बघितला, चारही विहिरी फिरून आले आणि कागद काढला.

"चार कप्प्या, चार दोर, चारही जुने," त्यांनी चारही घरच्या माणसांना ओट्यावर बसवून सांगितलं. "चार भिकार वस्तू ठेवण्यापेक्षा एक चांगली ठेवा. चाकांवरचं यंत्र करतो. ज्याला लागेल त्याच्या विहिरीवर न्यायचं. दोर नको, पोलादी तार. फळी नको, पाळणा. मजुरी घेणार नाही."

फुकटची मजुरी म्हटल्यावर आमच्या घरातली माणसं कशालाही हो म्हणतात. चार कप्प्यांपैकी तीन भंगारात गेल्या, त्या पैशांत चाकं आली. चौथी कप्पी माझ्या थोरल्या जावेची. बाई दोन्ही कानांनी बहिरी, त्यामुळे त्यांना समजावणं कोणाला जमलं नाही. "माझ्या कप्पीला कोंबड्यांचं डालगं टांगते मी," त्या म्हणाल्या. "खाली ठेवलं तर मुंगूस येतं. मुंगसाचं यंत्र करा, मग कप्पी न्या."

"वहिनी, तुमच्या जाऊबाई मागासलेल्या आहेत," विमानवाले मला म्हणाले. मी हसले होते.

यंत्र झालं. सातपूरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये त्यांनी उभं राहून जोडून घेतलं. चार पायांचा लोखंडी सांगाडा विहिरीवर उभा राहायचा, त्याला फिरवायचं मोठं चाक, तारेला टांगलेला पाळणा, माणूस उभा राहील एवढा. एका माणसाने चाक फिरवलं की दुसरा अल्लद खाली. पहिल्या वर्षी चारही विहिरींचा गाळ आठ दिवसांत निघाला. मी त्यांना पुरणपोळी घातली. तिथेच थांबायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी तीन नंबरचे दीर म्हणाले, चाक फिरवून खांदे दुखतात, एवढी एक मोटर बसवा. मोटर बसली. मोटर असताना हाताचं चाक राहिलं, तर त्यात कोणाचा हात सापडेल, म्हणून चाक काढलं. तिसऱ्या वर्षी दोन नंबरचे म्हणाले, वरून खडे पडतात, एवढं एक छप्पर बसवा. छप्पर बसलं, वजन वाढलं, मोठी मोटर आली. थोरल्यांनी घंटी मागितली.

आणि दार मी मागितलं. आमच्या ह्यांना उंचावर चक्कर येते. पाळण्यात एका बाजूला कलतात, ते मी वरून बघायची आणि माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. "विमानवाले, एवढं एक दार बसवलं की झालं," मी म्हटलं. हेच वाक्य, शब्दाला शब्द. त्यांनीही ऐकलं. दोघांपैकी एकालाही काही वाटलं नाही.

दाराने घात केला. दार आलं म्हणजे कडी आली. पाळणा हलत असताना कडी उघडली तर माणूस पडेल, म्हणून पाळणा वर काठाला किंवा खाली तळाला असेल तरच कडी उघडणार. आणि कडी नीट लागली नसेल तर पाळणा हलणार नाही. हे यंत्राला कळायला पाळण्यात एक पेटी बसली. ती पेटी मुंबईहून आणली होती आणि बाकीच्या सगळ्या यंत्राहून महाग होती. पुढच्या महिन्यात तिच्या शेजारी दुसरी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"पहिली बरोबर सांगते का, ते बघायला."

"आणि दुसरी चुकली म्हणजे?"

"तिसरीचा विचार आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

तोवर यंत्र इतकं जड झालं होतं, की चाकं मातीत रुतायची. एका विहिरीवरून दुसरीवर न्यायला ट्रॅक्टर लागायचा आणि अर्धा दिवस जायचा. विमानवाल्यांनी त्याला ताडपत्री शिवली. मग नियम आले. धुळीत चालवायचं नाही, पेट्या खराब होतात. उन्हात नाही. वाऱ्यात नाही, तार हेलकावते. पावसात तर नाहीच.

"मग कधी चालवायचं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"पौषात उत्तम. सकाळी आठ ते दहा."

"पौषात विहीर भरलेली असते, विमानवाले. मी काय पोहायला उतरू?"

एक उन्हाळा तर असा गेला, की गाळ काढलाच नाही. यंत्राला गाळ लागेल म्हणून. गाळ काढायला केलेलं यंत्र! मी त्या दिवशी ताडपत्रीखालच्या त्या धुडासमोर उभी राहून म्हटलं, "विमानवाले, हे तुमचं विमान झालं बघा. एकच हाय, झाकून ठेवलंय आणि उडत नाय."

त्यांचा चेहरा पडला. दोन दिवस चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, बसले, आणि म्हणाले, "विमानाची गोष्ट वेगळी आहे, वहिनी. तिथे सगळी मूर्ख माणसं एकत्र आलेली असतात."

आमच्या ओट्यावर काय वेगळं होतं, ते मी विचारलं नाही. पाहुण्याला किती बोलायचं.

तो दिवस वैशाखातलाच. लग्नसराई, निशिगंधाला पाणी हवं, आणि पंप नुसता हवा ओढत होता. पाइपाच्या तोंडाशी झडप असते, तो खालचा फूटव्हॉल्व्ह गाळाने धरला होता. आता पौषाची वाट कोण बघणार? आमचे हे उतरले. विमानवाल्यांनी कागद वाचून, एकेका कलमावर पेन्सिलीने खूण करून, त्यांना खाली सोडलं. खालचं काम झालं. हे चिखलाच्या हातांनी पाळण्यात चढले, दार ओढलं, कडी लावली, घंटी वाजवली. पाळणा अर्ध्यावर आला आणि थांबला.

चिखल कडीत गेला होता. पेटी म्हणाली दार उघडं आहे, तेव्हा पाळणा हलणार नाही. आणि पाळणा वरही नाही, खालीही नाही, तेव्हा दार उघडणार नाही. माझा नवरा त्या दोघांच्या मधे उभा.

त्याच वेळी मला ती बाजू दिसली. दोन वर्षं गाळ निघाला नव्हता, त्यामुळे विहिरीकडे कोणी नीट वाकून बघितलंच नव्हतं. उत्तरेचे दगड पुढे आले होते. पहिला दगड पाळण्याच्या छपरावर पडला, तेव्हा वरून आम्हाला तो ताशासारखा ऐकू आला.

"ओ, हालत का नाय हे?" खालून हे ओरडले.

"हालतंय, हालतंय," विमानवाले म्हणाले आणि कागद वाचायला लागले. एकतीस कलमं होती. त्यांचं बोट एकोणिसाव्यावर थांबलं, तसा मी कागद ओढला. चौथीपर्यंतचं वाचता येतं मला. लिहिलं होतं: यंत्र मधेच थांबल्यास बनवणाऱ्यास विचारावे.

"मग विचारा की स्वतःला!" मी ओरडले.

"हाताचं चाक असतं तर..." म्हणाले.

"वीज बंद करून?"

"वीज गेली की ब्रेक लागतो, वहिनी. तो मीच..."

शहरातून अग्निशामक दलाची गाडी बोलावली होती, पण गाडी म्हणजे काही पाखरू नाही, तिला यायला वेळ लागणार. तीन नंबरचे दीर तिला रस्ता दाखवायला नाक्यावर गेले होते, बाकीचे दोघे बाजारात. दुसरा दगड पडला. फुलं तोडणाऱ्या चार बायका पाट्या टाकून धावत आल्या. आणि त्यांच्या मागून आमच्या थोरल्या जाऊबाई, खांद्यावर कप्पी, काखेत दोराचं वेटोळं, मागे सुटलेल्या कोंबड्या. त्यांना ऐकू काहीच आलं नव्हतं. बायका पळताना दिसल्या, विहिरीच्या दिशेने पळताना दिसल्या, एवढं त्यांना पुरलं.

कप्पी यंत्राच्या सांगाड्याला टांगली. त्या यंत्राचा त्या दिवशी झालेला उपयोग तेवढाच.

उतरणार कोण? कडी कापल्याशिवाय दार उघडणार नव्हतं, आणि कडी कुठे कापायची ते एकालाच ठाऊक होतं. शिवाय वजनाला तेच सगळ्यांत हलके. मी काही बोलायच्या आत त्यांनी दोर कमरेला बांधला, दातांत लोखंड कापायचं करवतीचं पातं धरलं आणि काठावरून पाय सोडले. घाबरले होते. पण उतरले. हे मी लिहिते, कारण हेही खरं आहे.

खाली पोचून त्यांनी दाराच्या गजावर पाय दिला आणि स्वतः केलेली कडी कापायला घेतली. पातं पोलादावर कुरकुरत होतं. "आणखी पातळ केली असती," ते आमच्या ह्यांना म्हणाले म्हणे, "पण तुमच्या मंडळींना मजबूत हवी होती." अशा वेळी हा माणूस माझं नाव सांगतो!

कडी तुटली. दोर एकच होता, एका वेळी एकच माणूस. विमानवाले पाळण्यात शिरले, कमरेचा दोर सोडला आणि आमच्या ह्यांना बांधला. आम्ही सहाजणींनी ओढलं. नवरा काठावर आला, चिखलाने माखलेला, कपाळातून रक्त. मी त्याच्या तोंडाला पाणी लावलं. पहिला शब्द काय काढला माहीत आहे? "फूटव्हॉल्व्ह बसलाय. पंप चालू करून बघ."

मी दोर परत खाली सोडला.

आणि वर पेटी आली.

पेटीकडे बघत मी उभी राहिले. मातीची एक मोठी ढेप सुटून पाळण्याच्या छपरावर आदळली. खालून हा माणूस म्हणतोय, दोर सोडा, दुसरी देतो. माझ्या मनात आलं, हे सगळं मी आधी ऐकलेलं आहे. ओट्यावर, खांबाला टेकून, बारीक आवाजात. आधी विमान, मग माणसं.

मी ती पेटी पंच्यासकट उचलली. जड होती, पण पन्नास वर्षं पाट्या उचलल्या आहेत मी. विहिरीच्या अगदी कडेला गेले आणि त्यांना दिसेल अशी धरली.

"विमानवाले, वर बघा!"

त्यांनी वर बघितलं. विमान गेल्यावर बघायचे तसंच.

मी पेटी सोडली. पाळण्याच्या बाजूने ती सरळ खाली गेली आणि पाण्यात बुडाली. विहिरीतून जो आवाज आला तो पेटीचा नव्हता, त्यांचा होता. बाई बाळंत होताना ओरडते तसा.

"वहिनी! अहो वहिनी, काय केलंत हे! ती कितीची होती माहीत आहे?"

"दुसरी पाठवा, तिलापण टाकते!" मी ओरडले. "तिसरी असली तर तीपण द्या! दोराला आता फक्त तुम्ही यायचं. पेटी आली तर दोर कापून टाकीन आणि घरी जाऊन भाकरी करीन. बांधा स्वतःला!"

त्यांनी दुसऱ्या पेटीवर हात ठेवलेला मला दिसला. काढेनात. मग थोरल्या जाऊबाई कडेला आल्या. काय चाललं आहे ते त्यांना काही कळलं नव्हतं. त्यांनी खाली वाकून आपल्या मोठ्या आवाजात विचारलं, "ओ विमानवाले, कोंबड्या मोकळ्या हायेत माझ्या! येताय का वर, का मी जाऊ?"

कशाने ते झालं, कोणास ठाऊक. माझ्या धमकीने की कोंबड्यांनी. हात निघाला. त्यांनी दोर कमरेला घेतला आणि गाठ मारली. आम्ही ओढलं. आमचे हेही रक्त पुसत उठले आणि दोराला लागले. काठ दोन हात राहिला असताना उत्तरेची बाजू बसली. मोठा आवाज झाला नाही, एखादं गोणं ठेवावं तसा झाला. खालून धुळीचा लोट आला आणि त्यात आम्हाला एकमेकी दिसेनाशा झाल्या. आम्ही ओढतच राहिलो. डगल्याची कॉलर माझ्या हाताला लागली, तशी मी ती धरली आणि मागे बसले.

धूळ खाली बसल्यावर बघितलं, तर पाळणा नव्हता. छप्पर, दार, घंटी, दोन्ही पेट्या, सगळं दगडमातीखाली. वर नुसता सांगाडा, तुटलेली तार आणि जाऊबाईंची कप्पी.

विमानवाले जमिनीवर बसले होते, डोक्यापासून पायांपर्यंत पांढरे. म्हणाले, "ह्या वाफ्यापासून त्या रस्त्यापर्यंतचा तुकडा आला असता तेवढ्यात."

"तुकडा इथंच हाय," मी म्हटलं. "बसलाय तुम्ही त्याच्यावर. चहा आणते."

चहा प्यायले. अग्निशामक दलाची गाडी आली ती कप धुतल्यावर. विमानवाल्यांनी आभार मानले नाहीत, आणि ती पेटी त्यांनी मला कधी माफ केली नाही. पुढे चार वर्षं राहिले आमच्याकडे; विमान गेलं की वर बघायचे आणि मग माझ्याकडे. ते बघणं मला कळायचं. चारही घरांनी दुसऱ्याच महिन्यात नव्या कप्प्या आणल्या, दोर आणले. दार बसवा, असं मी कोणाला म्हटलं नाही. सांगाडा भंगारवाल्याने नेला. ती विहीर बुजवली, तिच्यावर आता निशिगंध आहे, बरा येतो.

मग मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली, ह्या वेळी कायमचं. अधूनमधून पाकीट येतं. आत पत्र नसतं, खुशाली नसते. वर्तमानपत्राचा कापलेला तुकडा असतो, नव्या लढाऊ विमानाच्या किमतीचा, आणि आकड्याखाली पेन्सिलीची रेघ. कडेला एक शब्द लिहिलेला असतो, गावाचा. मागच्या पाकिटात धुळे होतं. म्हणजे जमीन आता धुळ्यापर्यंत गेली.

आमचे हे पाकीट बघून म्हणतात, अजून हाय वाटतं म्हातारा. मी म्हणते, हाय.

त्या दिवशी विहिरीत दोघं उतरले होते. दोघंही जगले.